अर्धा ठेका उशिरा

या दुकानात बसून मी आयुष्यभर थापा मारल्या. वाळवंटात मासा पकडल्याची थाप मारून एका गिऱ्हाइकाला मासे शिजवायचं पातेलंसुद्धा विकलंय.

ही थाप नाही.

साल त्र्याण्णव. जुलै महिना. गाव तामनरासेत, अल्जीरियाच्या वाळवंटातलं. दुपारचे दोन. त्या वेळी कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत.

माझं कॅसेटचं दुकान. म्हणजे एक खोली, एका कॅसेटवरून दुसरी भरणारं दोन खणांचं एक यंत्र, आणि मी. बायको मार्चमध्ये गेली होती. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. मीही घेणार नाही.

एवढंच सांगतो, ती टाळ्या वाजवायची. लग्न असो, बारसं असो, बायका ढोलाभोवती बसल्या की ही हजर. आणि दर वेळी टाळी अर्धा ठेका उशिरा! सगळी बैठक हसायची.

"बाई, टाळी काय उंटावरून येते तुझी?"

"उशिरा का होईना, पोहोचते ना? मग झालं."

त्या टाळीबरोबर तिची बांगडी किणकिणायची.

तर त्या दुपारी उक्सेम आला. त्याचा चार पोरांचा बँड, नाव 'सुकी विहीर'. दोन इलेक्ट्रिक गिटारी, त्या ट्रकच्या बॅटरीवर चालायच्या. मे महिन्यात ओढ्याच्या कोरड्या पात्रात बसून त्यांनी पहिली गाणी रेकॉर्ड केली होती.

"मामा, ऐका तर खरं. आणि एक प्रत काढून ठेवा. शुक्रवारी नेतो."

"तुमचं गाणं ऐकून माझं यंत्र गाव सोडून जाईल, लेका."

"यंत्र जाईल. तुम्ही कुठे जाणार?"

हसत गेला. मी कॅसेट लावली.

काय सांगू! ही पोरं नाव काढणार, पहिल्या गाण्यातच कळलं. दुसरी गिटार तर अशी, की रांजणात पाणी ओतावं.

प्रत काढली. तपासायला लावली. प्रतीत आवाज थोडा दबतोच. तसा दबला होता.

एकच आवाज दबला नव्हता...

टाळी.

अर्धा ठेका उशिरा.

मूळ कॅसेट परत ऐकली. तिच्यातही होती. पण लांब... फार लांब. प्रतीत मात्र जवळ आली होती.

उत्तरेकडून माल आणणारा ट्रक दोन आठवडे आला नव्हता. कोऱ्या कॅसेटी संपलेल्या. हातात दोनच, मूळ आणि प्रत. प्रतीची प्रत काढायची तर मूळ पुसावी लागणार.

पुसली.

क्षणभरही विचार केला नाही, देवा.

मग इकडची तिकडे, तिकडची इकडे. दर वेळी गिटारी पुसट, खरखर जास्त. आणि टाळी... जवळ. तिसऱ्या प्रतीत बांगडी किणकिणली. पाचवीत गाणं भिंतीपलीकडे गेलं आणि ती खोलीत आली. सहावीत...

टाळी थांबली.

कुणीतरी श्वास घेतला. बोलण्याआधी घेतात, तसा.

अजून एक प्रत, आणि ती बोलणार. बोट बटणावर होतं.

दार वाजलं.

उक्सेम. शुक्रवारच्या आधीच. ओठ कोरडे, पागोटं सुटलेलं.

"मामा, इलियासचा ट्रक सापडला. लिबियाच्या वाटेवर. रिकामा."

इलियास त्याचा भाऊ, ट्रक घेऊन लिबियाला निघालेला. दुसरी गिटार त्याची.

"आई म्हणते, त्याची गिटार ऐकव. त्या कॅसेटीत आहे तेवढाच उरलाय तो, मामा."

बोट अजून बटणावरच. दाबलं असतं, तर ती बोलली असती आणि पाचवीतला उरलासुरला इलियास कायमचा पुसला गेला असता.

मी बोट उचललं. दोन्ही कॅसेटी त्याच्या हातात दिल्या. स्वतःकडे काही ठेवलं नाही.

त्याने तिथेच एक लावली.

"एवढं हळू का वाजतंय?"

"यंत्र म्हातारं झालंय, लेका. कान लावून ऐक."

आयुष्यातली सगळ्यात वाईट थाप ती.

तो दारात थबकला. "आणि ही टाळी कोणाची? आमच्यात तर बाई नव्हतीच."

सांगायचं तर नाव घ्यावं लागलं असतं.

आज 'सुकी विहीर' मोठमोठ्या शहरांत वाजते. ती पहिली गाणी मात्र कुणी धड ऐकलेली नाहीत. इलियासची आई शेवटपर्यंत कान लावून ऐकत होती म्हणे.

तेव्हापासून रोज दुपारी दोन वाजता मी दुकानाचं दार लावतो. एक टाळी वाजवतो. अर्धा ठेका थांबतो.

काही येत नाही. इतक्या वर्षांत कधीच आलं नाही.

काल दुपारी मी चहा ओतत होतो. एका हातात किटली, दुसऱ्यात पेला. टाळी अजून वाजवायची होती.

आणि पाठीमागे...

एक टाळी. बांगडीसकट.

या खेपेला ती आधी आली होती. आता पाळी माझी.

मी उत्तर दिलेलं नाही. दिलं, की मीच पोहोचणार तिच्याकडे. उशिरा का होईना, पोहोचलं की झालं, असं तीच म्हणायची ना...

कालपासून दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलोय.