राखलेला जिताडा

वीज गेली आणि समोरच्या कापड कारखान्यातले लूम एकदम गप्प झाले. भिवंडीत इतकी शांतता पसरली की माणूस दचकतोच. बाबांच्या कपाळावर घाम डवरला होता. मी त्यांच्या सीटी स्कॅनचं मोठं पाकीट उचललं आणि वारा घालायला लागले.

हॉस्पिटलच्या त्या खोलीत केमोच्या दोनच खुर्च्या. दुसरीत एक गोऱ्या, बारीक बाई डोळे मिटून बसल्या होत्या. हाताला सलाईन, जवळ कोणी नाही. मग मी एकदा बाबांना, एकदा त्यांना, असा वारा घालू लागले.

“अर्धा वारा आमच्याकडे वळवलात... भाडं किती?”

दारात एक मुलगा उभा होता. हातात औषधांची पिशवी, चष्मा घामाने नाकाच्या टोकावर आलेला.

“चष्मा वर करा आधी,” मी म्हटलं. “आई कुठल्या खुर्चीत आहेत ते तरी दिसेल.”

तो हसला. मला तो चिडवण्याजोगा वाटला – म्हणजे आवडलाच, खोटं कशाला बोलू!

त्याचं नाव आल्हाद. राहायला ब्राह्मण आळीत, शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याच्या आईला सगळे माई म्हणायचे. आम्ही अंजूरचे, खाडीकाठचे शेतीवाले. तेव्हा २००८ साल होतं. माई आणि माझे बाबा, चांगदेव, दोघांनाही स्वादुपिंडात गाठ. डॉक्टर म्हणाले होते, गाठ रक्तवाहिनीला चिकटलीय, लगेच कापता येणार नाही. आधी केमोने आकसू दे, मग ऑपरेशन. दोघांना औषधंही तीच, वारही तोच. त्यामुळे आल्हादची नि माझी भेट ठरलेलीच असायची. मी त्या दिवशी केसांत मोगरा माळायचे आणि मग स्वतःचीच लाज वाटायची... बाबा आजारी, आणि ही नटतेय!

अंजूरच्या आमच्या तलावात बाबांनी एक जिताडा राखला होता. आमच्याकडे हा मासा जावयाच्या पहिल्या ताटासाठी राखतात.

“ऑपरेशन झाला का काढनार,” बाबा माईंना सांगायचे, आणि बघायचे मात्र आल्हादकडे. “मास्तर, तुमी मासं खाता ना?”

“आम्ही अंडंसुद्धा खात नाही, काका.”

“अरेरे! पोरगा चांगला, पन फुकट गेला.”

माई सलाईनच्या नळीसकट हसल्या. मी तोंड लपवायला चहा आणायला पळाले, तर आल्हाद मागोमाग आला.

“तो मासा नक्की कोणासाठी राखलाय?”

“आहे एक मोठा माणूस.”

“किती मोठा?”

“स्वतःचा चष्मा सावरता येईल, इतपत.”

चहाचा ग्लास घेताना त्याचं बोट माझ्या बोटावर जरा जास्तच थांबलं... निम्मा चहा मी सांडला.

मग पुन्हा स्कॅन झाले. माईंची गाठ निम्म्याने आकसली होती. बाबांची वाढली होती आणि यकृतावर नवे डाग आले होते. त्यांचं ऑपरेशन आता होणार नव्हतं.

“औषध तेच दिलंत ना दोघांना?” मी डॉक्टरांना विचारलं. माझा आवाज भांडणाचा होता.

“औषध तेच, गाठी वेगळ्या,” डॉक्टर हळू म्हणाले. “हे औषध गाठीतल्या पेशींमधले डीएनएचे धागे तोडतं. लूमवर धागा तुटला की कारागीर तो जोडतो आणि लूम पुन्हा चालू होतो, बघितलंयस ना? बाबांच्या गाठीला बहुतेक असे धागे जोडता येतात. माईंच्या गाठीचा तुकडा मुंबईला अभ्यासासाठी घेतला होता. तिच्यात जोडणारं जनुकच बिघडलेलं निघालं. म्हणून ती विरतेय, असं आम्हाला वाटतं.”

“मग बाबांचं आधी का नाही बघितलं?”

“ते बघून औषध ठरवावं, इतकं आम्हालाच अजून कळलेलं नाही, बेटा.”

बाहेर माईंनी माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला. मला त्यांचा राग आला होता, त्यांच्या बऱ्या होण्याचा राग, आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. आल्हाद खिडकीशी उभा होता. आनंद लपवताना त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. त्यानंतर आम्ही बोललोच नाही.

पुढच्या रविवारी बाबांनी तलावात जाळं टाकायला लावलं. स्वतः बांधावर शाल पांघरून बसले होते.

“ऑपरेशन झाल्यावर काढनार व्हता ना, बाबा?”

“ऑपरेशन आता व्हनार न्हाय, पोरी. मासा कवापर्यंत वाट बघंल? ने मास्तराला.”

“ते खात न्हाईत.”

“माहीत हाय. तरी ने.”

ओल्या गोणपाटात गुंडाळलेला जिताडा घेऊन मी रिक्षाने ब्राह्मण आळीत गेले. आल्हादने दार उघडलं आणि गोणपाट बघून पांढराफटक पडला.

“बाबांनी पाठवलाय,” मी म्हटलं.

“परत ने, मृणाली... ते आईचं बिघडलेलं जनुक जन्मापासूनचं आहे. रक्त तपासलं तिचं. आजी, मावशी, दोघी कॅन्सरनेच गेल्या. माझ्यात ते असण्याची शक्यता निम्मी आहे. ज्याच्यामुळे आईला औषध लागू पडलं, तेच उद्या मला... तू पुन्हा पाकिटाने वारा घालत बसायचं?”

त्याची समजूत घालायचं बळ माझ्यात नव्हतं. भर आळीत, त्यांच्या दारातच हातात मासा धरून मी रडायला लागले.

“उद्याचं मला काहीच माहीत नाही. बाबांचं मात्र माहीत आहे. हा परत नेला तर त्यांना काय सांगू? आणि मला... मला तुम्ही हवे आहात. बस्स.”

आतून माईंचा थकलेला आवाज आला, “आल्हाद, माझ्या स्वयंपाकघरात तो यायचा नाही हं. तू अंजूरला जा आणि खाऊन ये.”

अंजूरला माझ्या आईने त्याचं कालवण केलं. बाबांना चमचाभर रस्सा दिला, तोही घशाखाली उतरला नाही. भिंतीला टेकून ते आल्हादच्या ताटाकडे बघत राहिले. आल्हादने डोळे मिटून पहिला घास घेतला. कितीतरी वेळ चावत राहिला. गालांवरून पाणी ओघळत होतं.

“काटा लागला का रं?”

“नाही, बाबा.”

तो त्यांना काका म्हणायचा. बाबा त्याच्याकडे बघतच राहिले.

“मंग पोटभर खा,” म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. शालीखाली त्यांची पाठ हलत होती.

मी आल्हादच्या ताटात दुसरी तुकडी वाढली. त्याने ती संपवली.