डावा हात लाल का झाला?

कृत्तिकेच्या दोन हातांचं आपसात बिनसलं होतं. उजवा शहाण्यासारखा होता तसाच राहिला होता आणि डावा मात्र लाल होऊन चुरचुरत होता. दोन्हींवर सारख्याच पुटकुळ्या होत्या आणि दोन्हींना ती रोज न चुकता मलम लावत होती. मग एकाच हाताने असं डोकं का फिरवून घ्यावं?

चंद्रावरच्या शीतल वसाहतीत या पुटकुळ्यांची साथ आली होती. एका विषाणूमुळे (डोळ्यांना न दिसणारा, पेशीत शिरून वाढणारा सूक्ष्म कण) त्या उठतात. मोत्यासारख्या चमकतात आणि मधोमध त्यांना चिमुकली खळगी असते. फारशा दुखत नाहीत, पण स्पर्शाने आणि एकमेकांचे टॉवेल वापरल्याने पसरतात. वसाहतीतल्या मुलांना हाडं बळकट राहावीत म्हणून रोज मल्लखांब करावा लागे. एकच खांब आणि त्याला मिठ्या मारणारी सगळी पोरं! विषाणूला आणखी काय हवं?

अशा पुटकुळ्या बहुधा आपोआप जातात, पण महिनोन्‌महिने रेंगाळतात. कृत्तिकेला तेवढी सवड नव्हती. लवकरच पृथ्वीवरून पाहुणे येणार होते आणि त्यांच्यासमोर तिचं आणि तिच्या मैत्रिणीचं, रेहानाचं, जोडीचं प्रात्यक्षिक होतं. चंद्रावर माणूस सावकाश पडतो, त्यामुळे तिथल्या उड्या पृथ्वीवर कुणाला मारताच येत नाहीत. कृत्तिकेने त्यासाठी जिवाचं रान केलं होतं.

वसाहतीतले त्वचेचे डॉक्टर म्हणजे तिचे आजोबा, मनोहर केळुसकर. त्यांनी नवं मलम बनवलं होतं, पण इथल्या कोरड्या हवेत ते किती लागू पडेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून मुलांना आणि त्यांच्या आईबाबांना विचारून त्यांनी चाचणी सुरू केली. प्रत्येकाला दोन ट्यूब. निळ्या टोपणाची डाव्या हाताला, पांढऱ्या टोपणाची उजव्या हाताला. एकीत औषध आणि दुसरीत कोरं मलम (ज्यात औषध नसतं, नुसता लोण्यासारखा गोळा असतो). कुणाच्या कुठल्या ट्यूबमध्ये काय आहे, हे फक्त चिमटा नावाच्या यंत्रमानवाला माहीत होतं.

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही?" कृत्तिकेने विचारलं होतं.

"नको गं बाई! मला कळलं, तर औषधाचा हात मला उगाचच बरा दिसायला लागेल. डॉक्टरही माणूसच असतो," आजोबा म्हणाले होते.

आता कृत्तिकेने डोकं लढवलं. कोरं मलम हात कशाला लाल करेल? म्हणजे औषध निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये! इथवर तिचं बरोबर होतं. पुढे मात्र गाडी घसरली. थोडं लावून थोडा गुण येतो, तर भरपूर लावलं की झटपट गुण येणार, असं ठरवून तिने तेच मलम दोन्ही हातांवर थापलं. सरावात ते खांबाला पुसलं जाऊ नये म्हणून वरून चिकटपट्टी घट्ट गुंडाळली. आजोबांनी तर बजावलं होतं की पातळ थर लावायचा आणि सरावाआधी धुऊन टाकायचा.

दोन दिवसांनी पट्टी सोडली, तेव्हा कातडीची सालं निघाली होती आणि पाणी सुटलं होतं. बिचारीला रडू फुटलं. तशीच ती दवाखान्यात गेली आणि आजोबांना सगळं सांगून टाकलं.

आजोबा रागावले नाहीत. चिमटा यंत्रमानवाने हळुवारपणे तिच्या जखमा धुतल्या.

"आजोबा, औषध वाईट आहे का?"

"नाही. पुटकुळीत विषाणू इतका गुपचूप बसतो, की शरीराच्या रखवालदार पेशींना (रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी) त्याचा पत्ताच लागत नाही. हे मलम तिथल्या कातडीला थोडं डिवचतं. मग रखवालदार धावत येतात. सोबत तिथे रक्तही जास्त येतं, म्हणून लाली दिसते."

"मग लाली चांगलीच की!"

"थोडी. तिला स्थानिक दुष्परिणाम (जिथे औषध लावलं तिथेच होणारा त्रास) म्हणतात. आमटीत मीठ घातलं की चव येते. मूठभर घातलं तर?"

"तोंडात घालवत नाही."

"तसंच. गुण ठरावीक मात्रेपर्यंत वाढतो आणि थांबतो. त्रास मात्र वाढतच जातो. त्यात तू वरून पट्टी बांधलीस, त्यामुळे औषध आणखी खोल मुरलं. आता तुझा उजवा हातही तुलनेला उरला नाही. चिमटा, चाचणीतून हिचं नाव काढ. पण ही इजा कशाने झाली, ते नीट नोंदव. ते सगळ्यांना कळायला हवं."

"आणि प्रात्यक्षिक?"

आजोबांनी तिला जवळ घेतलं. "उघड्या जखमांनी खांबावर नाही चढायचं, बाळा."

कृत्तिका हमसून हमसून रडली.

संध्याकाळी रेहाना आली. तिचाही डावा हात लाल झाला होता. "मी ती ट्यूब फेकून देणार आहे," ती म्हणाली. "माझेही हात तुझ्यासारखे झाले तर?"

क्षणभर कृत्तिकेला वाटलं, फेकू दे. हिच्याही पुटकुळ्या जाणार नाहीत आणि दोघी मिळून खालीच बसू. असं वाटल्याची तिला लगेच लाजही वाटली. तिने रेहानाचा हात उजेडात धरला.

"पाणी सुटलंय का? फोड आलाय? फार दुखतंय?"

"नाही. नुसतं चुरचुरतं."

"मग फेकू नकोस. तुझे रखवालदार आलेत. पातळच लाव, रोज चिमट्याला दाखव आणि फोड आला तर मात्र लगेच थांब."

"मग तुझं असं कसं झालं?"

"मी जास्त शहाणपणा केला," कृत्तिका म्हणाली आणि मग तिला सगळं समजावून सांगितलं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी रेहानाच्या डाव्या हातावरच्या पुटकुळ्या सुकत आल्या होत्या. उजव्या हातावर तशाच उरलेल्यांवर स्वच्छ पट्टी लावून ती एकटीच खांबावर चढली. ते पाहून कृत्तिकेला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला.

"कातडी पुरेशी लाल झाली की आपणहून थांबणारं मलम करता येईल का?" तिने शेजारी बसलेल्या आजोबांना हळूच विचारलं.

"अजून कुणाला जमलेलं नाही," आजोबा म्हणाले. "तू करून बघ."

तेवढ्यात रेहानाने खांबाच्या टोकावरून अंग झोकून दिलं आणि दोन गिरक्या घेत ती सावकाश खाली आली. सगळी वसाहत टाळ्या वाजवू लागली. कृत्तिकेच्या हातांना बँडेज होतं, म्हणून ती घसा बसेपर्यंत ओरडली.