चोकची तार

जानेवारीतल्या त्या रविवारी दिंडोरी नाक्यावर एक माणूस स्कूटरशी भांडत होता. म्हणजे किका मारत होता, पण चेहरा भांडणाचा होता. कानाला मफलर, खांद्याला शबनम. स्कूटर एकदा डावीकडे आडवी करायची, एकदा उजवीकडे, आणि पुन्हा किक. चोक पूर्ण बाहेर ओढलेला. पेट्रोलचा वास पार माझ्यापर्यंत आला. आई म्हणायची माझ्या जिभेला हाड नाही, ते काही खोटं नाही.

“चोक आत ढकला आधी. जीव गुदमरलाय तिचा.”

तो वळला. “थंडीत चोक द्यायचा असतो ना?”

“द्यायचा. दिवसभर पेट्रोल पाजत बसायचं नाही.”

तो हसला... आणि मला उगीचच हातातली दुधाची किटली जड वाटायला लागली.

“समोर आमचं गॅरेज आहे. ढकलत आणा.”

“तुम्ही हात लावणार?”

“मी वाट दाखवणार!”

गॅरेज म्हणजे कडुनिंबाखाली दोन पत्रे आणि अण्णा. भिकन गांगुर्डे, माझे वडील. एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झाले तेव्हा विद्या सगळी हातात होती, पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. कार्बोरेटर ते चाचपून खोलायचे, चाचपून बसवायचे. नट, तारा, स्प्रिंगा, सगळं बोटांनी. फक्त जेटचं भोक त्यांना दिसायचं नाही. त्या पितळी जेटमधून पेट्रोल इंजिनात जातं, कचरा अडकला की गाडी बसलीच. म्हणून आठवडाभर मी पतपेढीत कारकून आणि रविवारी अण्णांचे डोळे. जेट उन्हात धरायचं, फुंकर मारायची, पलीकडे आभाळ दिसलं की अण्णांच्या हातात ठेवायचं.

आणि म्हणूनच मी लग्नाला नाही म्हणत होते. आलेली दोन चांगली स्थळं घालवली. अण्णा ऑपरेशनला घाबरायचे, पण कबूल कोण करणार? मी सासरी गेल्यावर त्यांना जेटमधलं आभाळ कोण दाखवणार होतं?

त्याचं नाव वाल्मीक अहिरे. मूळचा चांदवडचा, दिंडोरीच्या शाळेत गणिताचा सर. नाक्यामागे खोली घेऊन राहायचा आणि रोज स्कूटरवरून दिंडोरीला जायचा. स्कूटर त्याच्या मामांनी वापरून वापरून टाकलेली. अण्णांनी ती चालू करून दिली, तो “जय भीम अण्णा” म्हणून गेला, आणि पुढच्या रविवारी परत हजर.

“आता काय?”

“गरम झाली की बंद पडते. धूर तर असा काढते की मुलं मला रॉकेलचा टँकर म्हणतात.”

प्लग काढला तर काजळीने काळाकुट्ट. मी जेट फुंकलं, प्लग घासला, अण्णांनी सगळं बसवलं. गाडी थोडे दिवस चालली, पुन्हा तेच. हळूहळू त्याचा रविवार आमच्याकडेच उजाडायला लागला. कधी वर्तमानपत्रात गुंडाळून दिंडोरीची द्राक्षं आणायचा, कधी नुसत्याच गप्पा.

“विकून का टाकत नाही हिला?” मी एकदा विचारलं.

“सवय झालीय हो,” तो म्हणाला. म्हणताना स्कूटरकडे बघत नव्हता. मी जेट डोळ्याला लावलं. त्या दिवशी आभाळ काही केल्या दिसेना.

श्रावणात एका रविवारी अण्णा “जरा जाऊन येतो” म्हणून बाहेर पडले आणि हा भिजत आला. नेहमीसारखं हसला नाही.

“बदली झाली. चांदवडला. उद्या हजर व्हायचंय. एकदाची नीट करून द्या... लांब जायचंय.”

नीट झाली की तो परत यायचा नाही, हे मला लख्ख कळलं. तरी मी पाना उचलला. मुद्दाम वाईट काम करणं आमच्या घरात बसत नाही, असं मला तोवर वाटत होतं.

त्या दिवशी पहिल्यांदाच सगळं बसवायचं माझ्यावर आलं. आणि बसवताना लक्षात आलं. चोक आत ढकलला तरी त्याची तार ताणलेलीच. चोक कधी पुरता बंदच होत नव्हता! बिचारी जानेवारीपासून जास्तीचं पेट्रोल पीत होती. तारेच्या नटावर पान्याचे ताजे ओरखडे.

“सर, ही चोकची तार कोणी आवळली?”

“कुठली?”

“साळसूदपणा नको! मी इथे फुंकरा मारून मारून गाल दुखवून घेतले, आणि तुम्ही...”

“मी? मला पाना तरी धरता येतो का?” पण त्याचे कान लाल झाले. “मला माहीत मात्र होतं.”

“काय?”

“होळीच्या सुमाराला दिंडोरीत एका मिस्त्रीला दाखवली. तो म्हणाला, सर, तुमचा गॅरेजवाला तुम्हाला फिरवतोय. त्याने तार ढिली करून दिली.”

“मग?”

“मी परत आवळायला लावली.”

पत्र्यावर पावसाची सर तडतडायला लागली.

“का?” मी विचारलं.

“कारण मला वाटलं... तुम्ही आवळता.”

राग यायला हवा होता. आला नाही. “मी कशाला—” एवढंच तोंडातून निघालं आणि त्याचा चेहरा उतरला.

“चुकलं माझं. तुम्ही आपल्या जेट साफ करत होतात. मी वेडा.” त्याने शबनम खांद्याला लावली.

“थांबा...” मी म्हणाले. “तार मी नाही आवळली. पण मला माहीत असतं ना, तर मीसुद्धा ढिली केली नसती.”

तो थांबला. मी खाली बघत नट सोडला, चोक आत ढकलला. त्याने किक मारली. एका किकेत गाडी चालू, धूर नाही की फुरफुर नाही. तेवढ्यात रस्त्यावरून छत्रीतून ओरडा आला.

“आवाज बदलला! कोणी ढिली केली रे ती तार?”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“अण्णा! गिऱ्हाईकाची गाडी तुम्ही बिघडवलीत?”

“बिघडवली नाय. अर्धा आटा आवळली फक्त.” अण्णा मुळीच ओशाळले नव्हते. “पोरगा लय भला हाय आन् तू लय आडमुठी. मला जेट दिसत नाय, पण तू फुकताना कुठं बघते ते कळतं. आन् हे बघ, मोतीबिंदूची तारीख घेऊन आलो. आता जेट माझं मी बघीन. तुझं तू बघ.”

मला रडू आलं. लपवलं नाही.

वाल्मीकने गाडी बंद केली. “अण्णा, पुढच्या रविवारी चांदवडहून आईला घेऊन येतो. मागच्या सीटवर बसवून.”

अण्णा वाकले, बोटांनी तारेचा नट चाचपला.

“मंग ऱ्हाऊ दे ढिलीच,” ते म्हणाले. “आईंना धूर लागायला नको.”