संयुक्त अर्ज

देवाने माझ्या पदरात पुष्कळ घातलं आहे, पण त्यातलं सगळ्यात मोठं दान त्याने एका सरकारी परिपत्रकात गुंडाळून पाठवलं. तेव्हा मला ते ओळखता आलं नाही. दान ओळखायलाही डोळे लागतात, आणि माझे त्या दिवशी रडून सुजले होते.

सरकारी कचेरीसमोर एक झेरॉक्सचं दुकान आहे. बाहेर सकाळपासून रिमझिम, आत माणसांची दाटी, ओल्या छत्र्यांचा वास... आणि जो तो तेच चौदा पानी परिपत्रक मागत होता. मी माझी प्रत घेतली, गर्दीतून कशीबशी बाहेर पडले आणि पत्र्याखाली उभी राहून उघडली. एक ते सात पानं. त्यांच्या मागे पुन्हा एक ते सात.

"तुमच्याकडे सुरुवात आहे का हो?" शेजारून कुणीतरी विचारलं.

उंच, सडपातळ माणूस. दाढी दोन दिवसांची, बाहीला वंगणाचा डाग, आणि तो डाग लपवायची अजिबात घाई नाही.

"दोनदा आहे," मी म्हटलं.

"माझ्याकडे शेवट दोनदा आहे. आठ ते चौदा." ते कागद माझ्यासमोर धरत म्हणाले, "म्हणजे तुमच्या वाट्याला सगळी धमकी आली आणि माझ्या वाट्याला नुसत्या सह्या."

मला हसू आलं. त्या दिवशी मला हसू येईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

सांगते का ते. पक्षाघाताने ज्यांची वाचा जाते, त्यांच्या घरी जाऊन मी त्यांना पुन्हा बोलायला शिकवते. आमची संस्था लहानशी. ती ज्यांनी सुरू केली त्या मोठ्या बाई, आणि आम्ही सहाजणी. एकेचाळीस घरं. आणि परिपत्रकाचं पहिलं पान म्हणत होतं, घरपोच सेवांचं अनुदान पुढच्या महिन्यापासून बंद. यापुढे सेवा फक्त केंद्रात. आता अर्धं अंग लुळं पडलेला माणूस दोन मजले उतरून केंद्रात यायचा कसा, हे त्या पानावर नव्हतं.

"आमचंही तेच," ते म्हणाले. चाकांच्या खुर्च्या बनवायच्या, घरोघर जाऊन दुरुस्त करायच्या, असं त्यांचं काम. काकांनी उभी केलेली कार्यशाळा, आता यांच्याच हातात. "तुम्ही काय करता?"

मी सांगितलं.

"अरे वा. म्हणजे बोलक्या बाई."

"आणि तुम्ही चाकवाले."

बारसं असं दोन वाक्यांत उरकलं. मग आम्ही एकमेकांना सात-सात पानं दिली आणि तिथेच भिंतीला टेकून वाचू लागलो. नवव्या पानाशी ते थांबले आणि मोठ्याने वाचू लागले, "आधीपासून सेवा घेणाऱ्यांची घरपोच सेवा सुरू ठेवता येईल. मात्र वेगवेगळ्या सेवा देणाऱ्या किमान दोन संस्थांनी पंधरा दिवसांच्या आत संयुक्त अर्ज करावा..."

माझा हात तोंडाकडे गेला.

"ही तर चांगली बातमी आहे," ते म्हणाले. "तुमचा चेहरा का पडला?"

"काल मेल आला... मी पहिलं पान वाचलं... आणि एकेचाळीस घरांना कळवून टाकलं. सेवा बंद होत आहे, क्षमस्व."

"पहिलं पान वाचून?"

"पहिलं पान वाचून."

बघा, माझं सगळं काम एका गोष्टीवर उभं आहे: समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायचं. शब्द त्याच्या ओठांवर येत नसला, तरी आपण पुरवायचा नाही. दहा आकडे मनात मोजायचे. आणि तीच मी, घाबरून, सरकारचं वाक्य अर्ध्यात तोडलं होतं.

वाटलं, आता हे हसणार. पण ते म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. आमच्या काकांनी लिफाफ्यावरचा शिक्का बघूनच लेथ मशीन विकायला काढलं."

मोठ्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं, असं वाटण्याइतक्या शांत होत्या.

"चूक फोनवर केलीस ना? मग दुरुस्ती दारात जाऊन कर. एकेचाळीस दारं. आणि अर्ज मंजूर होणारच असं कुणाला सांगू नकोस. प्रयत्न करतोय, एवढंच सांग." मग चष्मा खाली ओढून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आणि ही दुसरी संस्था कुठे सापडली तुला?"

"झेरॉक्सच्या दुकानात."

"हं," त्या म्हणाल्या. त्यांच्या एका 'हं'मध्ये पुष्कळ मावतं.

दोन संस्थांनी एकत्र यायचं म्हणजे स्थळ जुळवण्यासारखंच असतं. मोठ्या बाई आणि काका समोरासमोर बसले. एकमेकांच्या घटना, ठराव, तपासणीचे अहवाल, सगळं चाळून झालं. गाडं अडलं ते अर्जावर नाव कुणाचं आधी यावर.

"आमची संस्था वयाने मोठी," काका म्हणाले.

"आवाजानेही मोठी आहे," बाई म्हणाल्या. "ऐकू येतेच सगळ्यांना. नाव मागे असलं तरी चालेल."

काका खळखळून हसले आणि नाव मागे गेलं. चाकवाले माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "आमच्या घराण्यात हरताना हसायची पद्धत आहे." मी कागदांत डोकं घातलं. गाल गरम झाल्याचं कागदांना दिसलं तर दिसलं.

घरं फिरायला त्यांची व्हॅन होती. त्यांनाही खुर्च्यांची मापं घ्यायचीच होती, म्हणून एकत्र निघालो... निदान मी आईला तसंच सांगितलं. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "अगं, त्या चाकवाल्याचं नाव जेवताना चारदा निघतं. त्याचंही ताट घेत जाऊ का?"

दारोदार माफी मागणं सोपं नाही. एका घरी माझ्या तोंडावर दार लागलं. एका सुनेने चांगलं सुनावलं, "तुमचं हो-नाही होईपर्यंत आमच्या सासऱ्यांनी बोलणंच सोडलं त्याचं काय?" तिथून बाहेर आल्यावर चाकवाल्यांनी काहीच समजावलं नाही, फक्त व्हॅनचं दार उघडून धरलं. त्या न बोलण्याबद्दल मी आजही त्यांचे आभार मानते.

मग शिंपीकाकांचं घर आलं. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेला माणूस. झटक्यानंतर जवळ एकच शब्द उरला होता. "बरं." भूक लागली, बरं. दुखतंय, बरं. राग आला तरी बरं. पण देवाची करणी अशी की बोलण्याची वाट बंद झाली तरी कधी कधी गाण्याची उघडी राहते. त्या वाटेने मी त्यांच्याकडे जाते. तीन सुरांची साधी चाल, टेबलावर बोटांचा ठेका, आणि त्यात एकेक शब्द बसवायचा. सात महिन्यांत 'पाणी दे' आणि 'खिडकी उघड' इथवर आलो होतो.

"काका," मी म्हटलं, "माझं चुकलं. पूर्ण न वाचता तुम्हाला बंद म्हणून कळवलं. आम्ही धडपडतोय. अजून नक्की नाही. तोवर मी येत राहू ना?"

काकांचे ओठ हलले. शब्द आला नाही. खोलीत नुसतं भिंतीवरचं घड्याळ. शेजारी चाकवाल्यांनी श्वास घेतला. त्यांना राहवेना, ते 'हो' म्हणून टाकणार होते. मी त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं. तीन... चार... पाच... नऊपर्यंत मोजलं असेल, आणि काकांची बोटं टेबलावर पडू लागली. तीन सुरांत, अडखळत, ते गायले, "उद्या... पण... ये."

'पण' मी शिकवलेला नव्हता. तो त्यांचा स्वतःचा.

काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "पोरी, निरोप वाचला त्या दिवशी हे जेवले नाहीत. पण माफी कसली मागतेस? आलीस ना."

व्हॅन निघाली. काचेवर थेंब, वायपरची कुरकुर.

"मी त्यांचा शब्द बोलून टाकणार होतो," ते म्हणाले.

"सगळेच बोलतात. मायेने बोलतात."

"तुम्ही नाही बोलत."

"मला शिकवलंय तसं."

"हं..." गियर बदलत ते म्हणाले, "माझं मनगट अजून तुमची आज्ञा पाळतंय. सोडणार कधी त्याला?"

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

बाराव्या दिवशी आम्ही अधिकारी बाईंकडे गेलो. त्यांच्या दाराशी भांडून परतणाऱ्यांची रांग होती. बाईंचा चेहरा थकलेला; आम्हीही भांडणार, या तयारीनेच त्या बसल्या होत्या.

मी एवढंच विचारलं, "घरपोच सेवा का बंद करावीशी वाटली?" आणि थांबले. सवयच ती. मनात मोजत राहिले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "घरी जातो म्हणून काही जण नुसत्या याद्या पाठवत होते. घरात कुणी पाऊलही टाकत नव्हतं. आम्ही खरं-खोटं करायचं कसं?"

"आमच्या यादीतलं कुठलंही घर निवडा," चाकवाले म्हणाले. "आत्ता चला."

आणि त्या खरंच निघाल्या. निवडलं ते नेमकं सुनावणाऱ्या सुनेचं घर. सुनेने त्यांनाही सुनावलं. पण परतताना बाई म्हणाल्या, "इतका राग काम झालेल्या घरातच असतो. अर्ज आणा. मी शिफारस करते." जाताना त्यांनी कोरी प्रतिज्ञापत्रं हातात ठेवली. मानधन घेणाऱ्या प्रत्येकाने एकेक भरायचं.

पंधरावा दिवस. कचेरीच्या गॅलरीतल्या बाकावर मी कागद लावत बसले होते. खिडकी पाचला बंद होणार, घड्याळात सव्वाचार. ठराव, याद्या, शिफारस... प्रतिज्ञापत्रं अकरा. दहांवर सह्या. अकरावं चाकवाल्यांचं, आणि ते कोरं.

"सही राहिली तुमची," मी पेन पुढे केलं.

त्यांनी पेन घेतलं नाही. "वाचलंत का ते?"

वाचलं होतं. आता मी प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचते. 'दोन्ही संस्थांत मानधन घेणाऱ्यांपैकी कुणीही माझे जवळचे नातेवाईक नाहीत आणि नजीकच्या काळात होण्याचा संभव नाही.'

"मग? यात अवघड काय आहे?"

"पहिलं अर्धं खरं आहे, काका मानधन घेत नाहीत," ते म्हणाले. "दुसऱ्याचं... मला खात्री देता येत नाही. म्हणजे ते खोटं ठरावं अशी माझी फार इच्छा आहे."

मी पेन तसंच धरून बसले. यावेळी मोजतही नव्हते. आकडेच आठवत नव्हते.

"अर्ज अडणार नाही," ते घाईने म्हणाले. "मानधनाच्या यादीतून माझं नाव काढायला सांगितलंय. काकांना विचारलं, ते हसले, म्हणजे हरले. सकाळी माझ्या छोट्या दुकानात लोकांच्या सायकली दुरुस्त करतो, त्यावर पोट भरतं. दुपारी खुर्च्या, बिनपगारी. सगळंच सरकारच्या एका कागदावर टांगायचं नाही, हे या पंधरा दिवसांत कळलं. पण ते काही खरं कारण नव्हे. खरं कारण... तुम्ही आहात."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर बिनपगारीही राहीन आणि बावळटही. दोन्हींची सवय आहे."

समोर कागद होते, एकेचाळीस घरं होती, शिंपीकाकांचं 'पण' होतं. आणि शेजारी एक माणूस होता, ज्याला सही करून मोकळं होता आलं असतं, पण माझ्या बाबतीत खोटं लिहवत नव्हतं. देवा, मी मनात म्हटलं, एवढं द्यायचं होतं तर आधी सांगायचंस तरी.

मी त्यांचं कोरं प्रतिज्ञापत्र गठ्ठ्यातून काढलं. घडी घालून पर्समध्ये ठेवलं. दहा मोजले आणि उठले.

"तुमचं नाव यादीत नसेल," मी विचारलं, "तर उद्या काहीही झालं तरी माझ्या प्रतिज्ञापत्रावरची सही खरीच राहते ना?"

"राहते. त्यात माझा संबंधच येत नाही. मी मानधन घेतच नाही."

"मग असू द्या तसंच."

खिडकीतल्या माणसाने गठ्ठा मोजला, शिक्का मारला, पोच दिली. आम्ही जिन्याकडे वळलो. चाकवाले मान खाली घालून उतरत होते. मी नकार दिला, तोही कागदाच्या भाषेत, असंच त्यांनी धरलं होतं. एक पायरी. दुसरी. तिसरीवर त्यांचे पाय थांबले.

"म्हणजे," ते वळून म्हणाले, "तुमची सही खरी राहावी म्हणून तुम्ही... म्हणजे नातेवाईक..."

त्यांना शब्द सापडत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी नियम मोडला आणि समोरच्याचं वाक्य पुरं केलं.

"हो," मी म्हटलं.