विली उस्तादची सही

आधीच सांगतो, ही हकिकत खरी आहे. विली माझा सख्खा मावसभाऊ, वसईचा. खोटं बोलायला गेला की त्याचे कान लाल होतात. लहानपणी आम्ही त्याला त्यावरूनच पकडायचो. तो हे सगळं सांगत असताना मी त्याच्या कानांकडेच बघत होतो.

लाल झाले नाहीत.

आणि भुतं रात्रीच येतात, हे डोक्यातून काढून टाका. हे घडलं भर दुपारी.

गेल्या वर्षीचा जुलै. गुरुवार. पाऊण वाजला होता. दुबईतलं रास अल खोर, म्हणजे नुसती वर्कशॉप आणि गोदामं. उन्हाळ्यात साडेबारा ते तीन उन्हातली कामं बंद, तसा कायदाच आहे. सगळी गल्ली आडवी होते. विलीचं घर शारजाला, अल मजाजमध्ये. त्या ट्रॅफिकमधून जेवायला घरी जाणं म्हणजे संध्याकाळ करणं. म्हणून तो शटर अर्धं ओढून घ्यायचा, बायकोने, जीनने दिलेला डबा खायचा आणि हातातलं काम उरकायचा.

त्या दिवशी टेबलावर झाडं कापायची चेनसॉ होती. सकाळी ज्युडने आणून टाकलेली.

ज्युड बागांची कामं घेणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर. विलीच्याच गावचा. विलीला दुबई दाखवली त्यानेच. विलीच्या मुलाचा, ॲरॉनचा, गॉडफादर, म्हणजे बाप्तिस्म्यातला धर्मपिताही तोच. विलीचा त्याच्यावर डोळे झाकून विश्वास.

"सुरूच होत नाय रे," ज्युड म्हणाला होता. "चारला पाहिजे. यल्ला, चल, बघ काय ते."

"आणि हिचा ब्रेक?"

"झाला तो. बाहेरून करून घेतला." हे तो फोनकडे बघत बोलला आणि गेला.

ब्रेकचं विलीला चांगलं आठवत होतं. महिन्यापूर्वी हीच मशीन आली होती. करवत उसळली तर चेन थांबवणारा ब्रेक पार निकामी झालेला. पार्ट येईपर्यंत ही कोणाला द्यायची नाही, असं विलीने बजावलं होतं. मग आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि तो बारा दिवस वसईला गेला. कालच परतला होता.

जाताना एक चूक केली.

वर्कशॉपातून मशीन बाहेर पडताना तिच्यासोबत मेकॅनिकच्या सहीचं कार्ड जातं. ज्युड म्हणाला, "दोन कार्डांवर सही करून ठेव ना. तू नसताना माझं काम अडायला नको."

विलीने दोन कोऱ्या कार्डांवर सह्या केल्या. मुलाच्या गॉडफादरला नाही कसं म्हणणार?

तर आता मशीन सुरू होत नव्हती.

विलीने दोरी ओढली. फर्र... गप्प.

पेट्रोल बघितलं. ताजं होतं. एअर फिल्टर झटकला, कार्बोरेटर साफ केला, चोक मागेपुढे करून बघितला. प्लग काढला, पुसला, स्पार्क बघितला. निळा, सणसणीत.

पुन्हा दोरी. फर्र... गप्प.

वीस वर्षं मुरलेला मेकॅनिक घामाघूम झाला. मशीनमध्ये खोट नव्हती. तरी ती मेल्यासारखी पडून होती.

त्याने पुन्हा प्लग काढला. तो हातात धरून उभा असतानाच...

बाहेर वाळू करकरली.

शटरखालच्या फटीत दोन बूट दिसले. डाव्या बुटाला नाडीऐवजी हिरवी सुतळी होती, रोपं बांधायची. विलीने लगेच ओळखलं. अंकुर! ज्युडच्या हाताखाली खजुराच्या झाडांवर चढणारा. मशीन घेऊन आला की विलीकडे चहा ठरलेला.

"अरे अंकुर, अंदर आ ना. बाहर धूप है."

बूट हलले नाहीत.

"उस्ताद... ब्रेक बना?"

"बन गया, भाई."

मग अगदी हळू...

"आपने देखा?"

त्याने बघितलं नव्हतं. ज्युड म्हणाला, म्हणून तो म्हणाला.

आणि मशीन सुरू झाली.

प्लग विलीच्या मुठीत होता. दोरीला कोणी हात लावला नव्हता. तरी मशीन टेबलावर थरथरत होती, चेन गरगर फिरत होती. त्याने बटण बंद केलं. थांबेना. ब्रेकचा दांडा पुढे ढकलला...

चेन फिरतच राहिली.

ब्रेक कोणी बनवलाच नव्हता.

मग ती आपोआप थांबली. विलीने शटर वर ढकललं. गल्ली रिकामी. वाळूवर एकही पाऊल नाही. नुसता ओल्या, ताज्या कापलेल्या खजुराच्या झाडाचा वास.

तीनला ज्युड आला. विलीने एवढंच विचारलं, "अंकुर कुठाय?"

ज्युडचा चेहरा उतरला. "तुला कोणी सांगितलं? नऊ दिवस झाले त्याला जाऊन. झाडावर मशीन उसळली. गळ्यालाच..."

विलीने टेबलावरच्या मशीनकडे बघितलं.

"मी सांगणारच होतो रे. चारला चौकशीवाले मशीन बघायला येतायत." ज्युडने खिशातून एक पुडकं काढलं. नवा ब्रेक. "हा बसवून टाक. कार्डावर तू जायच्या आदल्या दिवसाची तारीख आहे. ब्रेक ओके, खाली तुझी सही. खलास. तुझं नाय, माझं नाय, कोणाचंच काय जात नाय."

"त्याला माहीत होतं? ब्रेक नाही ते?"

"चढायच्या आधी विचारत होता. मी कार्ड दाखवलं. म्हणाला, विली उस्ताद का साइन है तो टेन्शन नहीं."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. ज्या माणसाने चर्चमध्ये ॲरॉनला हातात धरून शपथ घेतली, तोच पुडकं पुढे करून उभा होता. विलीला रडू आलं आणि रागही आला. त्याने पुडकं घेतलं नाही.

चारला त्याने चौकशीवाल्यांना सगळं सांगितलं. कोऱ्या कार्डांचंही. प्लग परत बसवून दिला. त्यांच्यातल्या एकाने सहज दोरी ओढली.

मशीन पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

विलीची नोकरी गेली. ज्युडवर केस झाली. आता चर्चमध्ये तो समोर आला की जीन बाक बदलते.

मला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर हे थांबेल.

थांबलं नाही. सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, विलीच्या घराच्या दाराखालच्या फटीत ते बूट येतात. ज्युडला मी मुद्दाम विचारलं, तुला कधी काही दिसलं? तो म्हणाला, नाय बुवा, मी मस्त झोपतो.

विलीला हे सांगितलं तर तो म्हणाला, "त्याच्याकडे कशाला जाईल? अंकुरचा त्याच्यावर विश्वासच नव्हता. माझ्यावर होता."

परवा एका फॉर्मवर साक्षीदार हवा होता, म्हणून मी विलीकडे गेलो. पेन घेऊन तो दाराकडे बघत बसला. शेवटी म्हणाला, "आधी मला सगळं वाचू दे."

तो एकेक ओळ वाचत होता. मी दाराच्या फटीकडे बघितलं. काहीच नव्हतं.

पण तो ओल्या, कापलेल्या खजुराच्या झाडाचा वास... मलाही आला.