पलीकडच्या फुटपाथवरून

"त्या हिरव्या फाटकासमोरून तुझ्या बटणला नेऊ नकोस गं," पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी बाल्कनीतून बजावलं होतं. "आतले दोघं एकदा सुटले ना, की कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत."

"हो काकू," ती म्हणाली आणि सरळ त्याच रस्त्याला लागली.

एरवी ती अशी बेफिकीर नव्हती. गॅस बंद केला की दोनदा बघायची, लेकीच्या डब्यातली द्राक्षं उभी चिरून द्यायची, आभाळ निरभ्र असलं तरी पिशवीत छत्री ठेवायची. पण काकू दिवसभर बाल्कनीत बसून अख्ख्या गल्लीला बजावत असत. ओली फरशी, उघडी खिडकी, पेपरवाल्याची सायकल, काहीच त्यांच्या तावडीतून सुटायचं नाही. सगळंच मनावर घ्यायचं म्हटलं तर माणसानं घराबाहेर पडायलाच नको. शिवाय बटणला, म्हणजे तिच्या ठेंगण्या तपकिरी कुत्र्याला, त्या फाटकासमोरच्या गवतावर लोळल्याशिवाय संध्याकाळ झाल्यासारखी वाटत नसे.

त्या दिवशी फाटकाची कडी नीट बसलेली नव्हती.

आधी गुरगुर ऐकू आली. मग फाटक भिंतीवर आपटलं आणि दोन धिप्पाड काळी कुत्री रस्त्यावर आली. दातांच्या लॅबमध्ये ती दिवसभर कवळ्या घडवायची, त्यामुळे दात तिला नवे नव्हते. पण इतके सुळे, तेही जिवंत आणि आपल्याच दिशेनं येणारे, तिनं पहिल्यांदाच पाहिले. मग कुठलीही आई करील तेच तिनं केलं. पिल्लाला उचलून छातीशी धरलं आणि डोळे मिटले.

तिथंच चुकलं. वर गेलेल्या बटणच्या मागे ती दोघंही वर झेपावली, आणि धक्क्यानं ती बटणसकट भिंतीवर आदळली.

"सम्राट! शांती! खाली!"

आवाज असा, की तारेवरचे कावळेसुद्धा उडाले. कुत्री जागच्या जागी बसली. फाटकातून एक उंच माणूस धावत आला. केस ओले, पायात एकच चप्पल, गळ्यात शिट्टी.

"उचलू नका... म्हणजे आता राहू द्या... लागलं का हो?"

"यातली शांती कोण?" तिनं भिंतीला टेकूनच विचारलं.

"तुमची बाही जिच्या तोंडात आहे ती," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "नाव आत्यानं ठेवलंय."

ती हसली असती, पण त्या वेळी तिला रडूच येत होतं.

*

तिचं कोपर खरचटलं होतं, बटणच्या कानाला दात लागला होता. दोघांचीही इंजेक्शनं झाली. जखमा भरल्या, पण फिरणं बंद पडलं. बटण न्हाणीघरात वर्तमानपत्रावर जाऊ लागला आणि प्रत्येक वेळी अपराध्यासारखा तिच्याकडे बघू लागला. हेही तिनं चालवून घेतलं असतं. पण एके सकाळी शाळेला जाताना लेकीनं जिन्याच्या तोंडाशीच तिचा हात घट्ट धरला आणि विचारलं, "आई, आधी तू बघून येतेस? कुत्रा आहे का?"

पाच वर्षांची पोर. नवऱ्यापासून वेगळं झाल्यावर तिनं ठरवलं होतं, या पोरीला काही कमी पडू द्यायचं नाही. आणि आता ती स्वतःच पोरीला भीती देत होती, अगदी हातात हात घालून.

त्याच संध्याकाळी दारावर टकटक झाली. शिट्टीवाला. आज शिट्टी नव्हती, चपला दोन्ही होत्या.

"गल्लीच्या मंडळाच्या सेक्रेटरींनी सांगितलंय," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "महिनाअखेर दोघांना गल्लीतून दुसऱ्या कुत्र्याजवळून शांतपणे नेऊन दाखवायचं. नाहीतर कुत्री हलवायची."

"मग हलवा की."

"कुठं? आत्या गेली. मी तिचं घर सांभाळायला आलो ते यांच्यासाठीच. इतकी वर्षं बिचारी फाटकाआड होती, बाहेरचं जगच त्यांनी पाहिलेलं नाही. त्यांना जावं लागलं तर मलाही जावं लागेल. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ज्या कुत्र्यावर ती धावली त्याच्याच सोबतीनं चालवा. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ही. रोज थोडं थोडं जवळ. तुमची हरकत नसेल तर..."

"माझी आहे," ती म्हणाली.

तो मान हलवून जिना उतरू लागला. तेवढ्यात आतून लेक आली आणि आईच्या मागून डोकावत हळूच म्हणाली, "गेले का त्यांचे कुत्रे?"

ते ऐकून तिनं कठड्यावरून हाक मारली. "अहो... उद्या सहा वाजता. पण तुम्ही पलीकडच्या फुटपाथवर."

*

तर अशी सुरुवात झाली. या बाजूला ती आणि बटण, पलीकडे तो आणि दोन काळे पहाड, मध्ये अख्खा रस्ता. लेक काकूंच्या बाल्कनीत, आईवर नजर ठेवून.

पहिल्या दिवशी शांती सारखी मान वळवून बघत होती. बटण आपल्या मालकिणीच्या पायात पाय अडकवत होता. आणि तिला स्वतःला घाम फुटला होता.

"श्वास घ्या," पलीकडून आवाज आला.

"घेतेय."

"नुसता घेताय. सोडा पण."

तिला हसू आलं. "तुम्ही करता काय हो?"

"पोहायला शिकवतो. मोठ्या माणसांना."

"मोठ्यांना?"

"लहान मुलं आपली आपण शिकतात. मोठी माणसं काठाला धरून ठेवतात. तुम्हाला येतं पोहायला?"

"नाही."

"वाटलंच."

"कशावरून?"

"दोरी बघा कशी धरलीय."

तिनं बघितलं. दोरी तीन वेढ्यांनी मनगटाला बांधली होती. तिनं एक वेढा सोडला.

मोठ्या माणसांना पाण्यात ढकलणाऱ्याचा आवाज तो. रस्त्यापलीकडून सहज यायचा. तिचं उलट होतं. लॅबमध्ये मास्क लावून, घासायच्या यंत्राच्या घरघरीत दिवस जायचा. मोठ्यानं बोलायची सवयच मोडलेली. पण त्याला ऐकू जावं म्हणून ओरडावं लागे, आणि ओरडता ओरडता ती कधी खळखळून हसायला लागली ते तिचं तिलाही कळलं नाही.

"आज काय केलंत?"

"एका आजोबांची कवळी. त्यांना पुढच्या दातांत फट हवीय. म्हणतात, पहिल्यापासून होती, बायको ओळखायची नाही."

"केलीत?"

"केली."

"मोठं काम केलंत."

काकू वरून म्हणाल्या, "जरा मोठ्यानं बोला रे. रिक्षा गेली मध्ये."

गल्लीला सगळं कळत होतं. त्याला चहात साखर लागत नाही हे इस्त्रीवाल्याला ठाऊक होतं. तिला विजांची धास्ती वाटते हे औषधाच्या दुकानात माहीत होतं. एका संध्याकाळी भुरभुर पाऊस लागला, तरी दोघं दोन छत्र्या घेऊन चालत राहिले. त्या दिवशी ओल्या रस्त्यावर दिवे सांडले होते, आणि तो बोलायचं सोडून मध्येच नुसता बघत राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. तुमची छत्री उलटी झालीय."

ती सुलटी होती. तिनं वर बघेपर्यंत तो पुढे गेलेला.

रस्ता रोज अरुंद होत गेला. आधी तो फुटपाथवरून खाली उतरला, मग रस्त्याच्या मधल्या झाडांपर्यंत आला, मग अलीकडे. शांतीनं मान वळवणं सोडलं. सम्राट तर बटणचा वास घेऊन खुशाल शिंकला. एके दिवशी लेक खाली येऊन आईचा हात न धरता सगळ्यांच्या मागून चालली.

फक्त एक गोष्ट बिघडत चालली होती. अंतर कमी झालं तसं बोलणं कमी झालं. हातभर अंतरावर आल्यावर तो अगदीच गप्प झाला. चपलेकडे बघायचा, घसा खाकरायचा, "हवा... बरी आहे," म्हणायचा. तिलाही काही सुचेना. इतक्या जवळून ओरडायचं काय, आणि हळू बोलायचं तर... हळू बोललेलं खरंच वाटतं ना.

"यांचं भांडण झालंय का?" काकूंनी लेकीला विचारलं.

"नाही," लेक म्हणाली. "लाजतायत."

*

महिनाअखेरीस सेक्रेटरी फाटकाशी हाताची घडी घालून उभे राहिले. दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं जमली. एका टोकानं ती बटणला घेऊन निघाली, समोरून तो दोघांना घेऊन. अगदी खेटून जायचं होतं.

ती पावलं मोजत होती. हे बिनसलं तर उद्या ते फाटक बंद, आणि संध्याकाळचे सहा पुन्हा नुसते सहा.

दोघं समोरासमोर आली, आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी पत्र्याचा डबा धडाडकन खाली पडला. शांतीचे कान उभे राहिले. इकडे तिचा हात आपोआप बटणकडे गेला. आता उचलणार, इतक्यात तो कुणी बुडत असल्यासारखा ओरडला,

"काठ सोडा! पाय मारा, पाय!"

पायऱ्यांवर कुणीतरी फुसकन हसलं. तीही हसली, आणि हसण्याच्या भरात बटणला उचलायचं राहूनच गेलं. दोरी सैल पडली, पाय चालू लागले. शांतीनं तिच्याकडे एकवार बघितलं, जांभई दिली आणि शेजारून निघून गेली.

"ठीक आहे," सेक्रेटरी म्हणाले. "राहू द्या."

माणसं पांगली. ती दोघं मात्र तिथंच उभी. इतकी जवळ, की त्याच्या शर्टाला येणारा तलावाच्या पाण्याचा वास तिला येत होता.

"म्हणजे... झालं," तो चपलेला म्हणाला.

"झालं."

"आता उद्यापासून तुम्हाला... म्हणजे गरज नाही..."

"नाही."

"हवा बरी आहे."

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग रस्त्याकडे. मग म्हणाली, "तुम्ही पलीकडे जा."

त्याचा चेहरा उतरला. "बरं."

"घरी नाही हो. पलीकडच्या फुटपाथवर. आणि जे बोलायचंय ते तिथून बोला."

तो गेला. दोन्ही कुत्र्यांना घेऊन मुकाट्यानं रस्ता ओलांडला, तोंड तिच्याकडे केलं, छाती भरून श्वास घेतला. आणि सोडला पण.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या आवाजात. "तुमच्या लेकीसकट आणि बटणसकट. मला रोज सहा वाजता तुमच्याबरोबर चालायचंय, कुत्री कशीही वागली तरी."

इस्त्रीवाल्याची इस्त्री थांबली.

एवढ्या माणसांदेखत उत्तर द्यायचं, तेही मोठ्यानं. "मला भीती वाटते," ती ओरडली. "कुत्र्यांचीच नाही. सगळ्याचीच."

"माझ्याकडे येणारं प्रत्येक माणूस घाबरलेलंच असतं," तो म्हणाला. "मी त्याला घाबरू नका म्हणत नाही. काठावर उभा असतो, एवढंच."

मधून एक सायकल गेली, एक टेम्पो गेला.

"काठावर कशाला उभे राहता?" ती म्हणाली. या वेळी ओरडून नाही. रोजच्या, तिच्या स्वतःच्या आवाजात. "इकडे या."

आणि गंमत म्हणजे, रस्त्यापलीकडे त्याला ते बरोबर ऐकू गेलं.

*

आता सहा जण एकाच फुटपाथवरून चालतात. सम्राटची दोरी लेकीच्या हातात असते, म्हणजे तिला तसं वाटतं. बोलणं खूप होतं, पण इतकं हळू, की शेजारून जाणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. काकूंची मात्र पंचाईत झाली.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी बाल्कनी रिकामी दिसली. कुणीच काही बजावलं नाही. ती जिना चढून वर गेली, तर काकू दोन दिवस तापानं पडून होत्या. "कुणाला सांगायचं गं," त्या म्हणाल्या. अख्ख्या गल्लीचं ऐकणारी बाई, आणि तिला विचारणारं कुणी नाही.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी काकू असेल, सगळ्यांना बजावणारी, नसत्या चौकशा करणारी. उद्या जाता-येता जरा वर बघा. खुर्ची रिकामी असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. जिना चढा आणि बेल वाजवा.