दसऱ्याचं कुलूप

बनाबाई साळवे पाथर्डीहून पहिल्या एसटीनं नगरला आली. मार्गशीर्षाची थंडी पदरात गुंडाळून ती वैजनाथ गर्जेच्या दारात उभी राहिली. खुर्ची पुढं केली तरी उंबऱ्याशीच टेकली.

"माज्या पोराचा हात प्रेसखाली गेला. आता म्हनत्यात, मशीनचा गार्ड, त्यो हात वाचवायचा आडोसा, सोपाननंच काढला हुता. उद्या कामगार हापिसातल्या साहेबापुढं सुनावनी हाय. हात बी त्याचाच गेला, आन् आळ बी त्याच्यावरच?"

वैजनाथ खासगी तपासनीस होता. हरवलेली माणसं आणि खोट्या सह्या शोधता शोधता त्याच्या डोळ्यांखाली काळोख साचला होता. आताशा कुणी दारात आलं की त्याला आधी दमल्यासारखं व्हायचं, मग वाईट वाटायचं.

"कारखान्यात कॅमेरा असेल ना, मावशी?"

"हाय की. पन त्या घटकेचं चित्रच न्हाई म्हनत्यात." तिनं मोबाईल पुढं केला. "ह्यो फोटो पोरांनी दवाखान्यात धाडला. दसऱ्याच्या सांजचा. सोपान रोज काढून बघतो."

फोटोत ऑफिसात दाटीनं उभे असलेले कामगार होते, हातांत आपट्याची पानं. मागं संगणक. त्यावर झेंडूची माळ, कीबोर्डभोवती गुंडाळलेला लाल नाडा, गाठीवर कुंकू.

"झकास पूजा केलीय," मच्छिंद्र म्हणाला. हा वैजनाथचा मित्र, एसटीतला निवृत्त कंडक्टर. तपासात त्याची कामं दोन: गाडी चालवायची आणि भलताच तर्क करायचा.

वैजनाथ फोटोकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

मच्छिंद्रनं दोघांना गाडीतून नागापूरच्या कारखान्यात नेलं. तिथं मालक राधाकृष्ण स्वतः सामोरे आले. "खुशाल शोधा. कॅमेऱ्याचं सगळं क्लाउडवरच्या संग्रहात जातं. अपघातानंतर मीच सांगितलं, त्याला कुलूप घाला. आता आतलं काही मलाही पुसता येत नाही. तरीही चित्र नाही, म्हणजे कॅमेराच बंद असणार."

"बरोबर आहे," मच्छिंद्र हळूच म्हणाला. "चल, चहा घेऊ."

"घेऊ. आधी विचारू दे."

संगणक सांभाळणारी धनश्री ओढणीचं टोक पिळत बोलली. "हे कुलूप माऊसनं लागत नाही, सर. एपीआयला, म्हणजे क्लाउडच्या यंत्रणेला, हुकूम टाईप करून पाठवावा लागतो, तोही फक्त या संगणकावरून. चावी इथंच ठेवलीय. आधी कुलूप अडकवायचं, मग ते एक कोड देतं. चोवीस तासांत तो कोड परत पाठवला की कुलूप सात वर्षांसाठी पक्कं, कुणाच्या बापाला निघत नाही. नाही पाठवला तर आपोआप गळून पडतं."

"तू अडकवलंस कधी?"

"खंडेनवमीच्या सकाळी. दुपारी पूजा झाली. मालक स्वतः नाडा बांधतात आणि एकादशीला स्वतःच सोडतात. तोवर संगणकाला हात लावायचा नाही. मी घाबरले, कोडची मुदत दसऱ्याच्या सकाळी संपणार होती. सुपरवायझर बिभीषण सर म्हणाले, कोड मला दे, मालकांशी बोलून मी बघतो. नंतर पाहिलं तर कुलूप पक्कं होतं."

"अपघाताचं चित्र तू पाहिलंस?"

तिनं मान खाली घातली. "धीर झाला नाही."

कॅमेरे बसवणारा प्रवीण घाईत होता. "यादीत फाईल नाही म्हणजे नाही, साहेब."

"पुसलेलं जातं कुठं रे?" मच्छिंद्रनं मध्येच विचारलं.

प्रवीण हसला. "लगेच कुठं जात नाही, काका. महिनाभर आत दडून राहतं, मग आपोआप साफ. पण कुलूपबंद जागेत पुसणार कोण? म्हणून मी तिकडं बघितलंच नाही."

"बघून तरी काय," मच्छिंद्र पुटपुटला. "दिवाळी होऊन गेली. महिना कधीच उलटला."

बिभीषणनं बसायलाही सांगितलं नाही. "दसऱ्याच्या सकाळी आलो, याच संगणकावर कोड टाकला, कुलूप पक्कं केलं. मी नसतो तर ते गळून पडलं असतं. आणि संशय माझ्यावर? सोपान तसा हलगर्जीच. गार्ड काढून काम उरकायची सवय त्याची."

 दारापाशी बसलेल्या बनाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

वैजनाथनं सगळ्यांना संगणकापाशी बोलावलं आणि फोटो टेबलावर ठेवला.

"शेठ, दसऱ्याला नाडा सोडायची परवानगी कुणी मागितली होती?"

"कुणीच नाही. एकादशीला मीच सोडला."

"हा फोटो दसऱ्याच्या संध्याकाळचा, हातांत आपटा आहे. कीबोर्ड बांधलेला आहे. मग सकाळी कोड टाकला कसा?"

"नाडा सोडला, परत बांधला," बिभीषण म्हणाला. "त्यात काय?"

"असेल. माणसाच्या गाठीवर मी फार विसंबत नाही." वैजनाथनं खुर्चीला पाठ टेकली. "धनश्री, कुलूप आहे का, हे सगळ्यांनी विचारलं. ते लागलं कधी, हे कुणी विचारलं नाही. तू विचार."

धनश्रीनं हुकूम पाठवला. उत्तरातली तारीख तिनं दोनदा वाचली. "सर... ही तर कोजागिरीची."

राधाकृष्णांनी पुढं वाकून तारीख स्वतः वाचली.

"म्हणजे पहिलं कुलूप दसऱ्यालाच गळून पडलं," वैजनाथ म्हणाला. "ते गळालंय हे ठाऊक कुणाला? कोड ज्याच्या खिशात राहिला, त्यालाच. बाकी सगळे निर्धास्त होते. एकादशीला नाडा सुटला, त्यानंतर बिभीषणनं चित्र पुसलं आणि कोजागिरीला नवं कुलूप लावून पक्कं केलं. का? कुलपाआड चोरी होत नाही, असं आपण सगळेच धरून चालतो. मग चित्र कधी नव्हतंच, असं ठरतं."

"पण चित्र गेलं ते गेलंच ना," मच्छिंद्र म्हणाला.

"तुझाच प्रश्न, मच्छिंद्र. पुसलेलं महिनाभर आत दडून राहतं. पुसणं आणि कुलूप यांत महिना कुठं गेला? पाच दिवससुद्धा नाहीत. ते आत असतानाच यानं दार लावलं. आणि कुलूप काय करतं, धनश्री?"

धनश्रीचे डोळे मोठे झाले. "आतलं काहीच जाऊ देत नाही. दडलेलंसुद्धा."

तिची बोटं चालली. पडद्यावर एक ओळ उगवली, मग चित्र हललं. बिभीषण मशीनपाशी वाकला होता. त्यानं गार्ड काढून भिंतीशी ठेवला आणि सोपानला हातानंच खुणावलं: चल, उरक.

"माल निघायचा होता, शेठ..." बिभीषण म्हणाला. राधाकृष्णांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "उद्या हेच साहेबांपुढं लागेल," ते म्हणाले, "आणि मी स्वतः नेईन."

चित्रात सोपान पुढं सरकला. त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

"थांबवा," बनाबाई म्हणाली. ती उठून पडद्यापाशी आली होती. "फुडलं मला नगं. हितंच थांबवा."

चित्र थांबलं. घाम पुसणारा तो हात, पाची बोटांचा, शाबूत.

"ह्ये कवापातुर ऱ्हाईल?"

"सात वर्षं, मावशी. कुणालाच पुसता येणार नाही."

तिनं बोटांच्या टोकांनी पडद्यावरच्या हाताला स्पर्श केला, लेकराच्या तापल्या कपाळाला करावा तसा.

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.